चढ्या भावाची संध्याकाळ

उद्याच्या विजेचा बाजार आजच भरतो. कोणत्या तासाला किती वीज हवी आणि जास्तीत जास्त काय भाव देऊ, हे दुपारच्या आत कळवावं लागतं. शहराच्या वीज कंपनीत हे काम जिच्याकडे होतं, तिला सगळे खरेदीबाई म्हणत.

त्या उन्हाळ्यात आसपासची सगळी शहरं एकदमच वीज मागत सुटली होती. दुपारी सौर पॅनलमुळे वीज मुबलक आणि भाव मातीमोल; सूर्य कलला की तोच भाव आभाळाला भिडायचा. संध्याकाळचे आकडे बघून साहेबांचे डोळे पांढरे झाले.

"घ्यावीच लागेल. नाहीतर अर्धं शहर अंधारात," ते म्हणाले.

"आणि घेतली तर बिल हातात पडल्यावर लोक आपल्या नावानं खडे फोडतील. मी जरा मामाकडे जाऊन येते."

मामाचा बर्फाचा कारखाना होता. मागच्या उन्हाळ्यात कंपनीनं न सांगता वीज तोडली, त्याच्या बर्फाचं पाणी झालं आणि तेव्हापासून त्यानं भाचीशी अबोला धरला होता. तिला दारात बघून त्यानं तोंड फिरवलं.

"मामा, उद्या संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद ठेवशील?"

"वा! तेव्हा न विचारता बंद केलेत, आता विचारून. बरीच प्रगती आहे."

"तेव्हा आमचं चुकलंच. म्हणून आज आधी आले. दुपारच्या स्वस्त भावानं हवी तेवढी वीज देते, तेव्हाच बर्फ करून ठेव. संध्याकाळी नुसती दारं घट्ट लाव. कोठीतली थंडी तेवढ्यात कुठे पळून जात नाही."

"माझा धंदा मलाच शिकव!" मामा गुरगुरला, पण ओठाचा कोपरा हलला. "माझ्या एकट्यानं भागेल का तुझं?"

"नाही. सूतगिरणी हवी, पाण्याचे पंपही हवेत. पण ते माझं कशाला ऐकतील?"

"तुझं नाही ऐकणार," म्हणत मामानं फोन उचलला. गिरणीच्या मालकाला त्यानं आधी दरडावलं, मग गोंजारलं. पंपवाल्या इंजिनिअरला सांगितलं, "टाक्या उद्या दुपारीच भरून घ्या, संध्याकाळी पंप बंद ठेवा. माझी भाची स्वस्तात वीज देतेय, नाही म्हणाल तर पस्तावाल."

ती धावतपळत ऑफिसात आली. संध्याकाळच्या तासांना तिनं इतका कमी भाव लावला की साहेबांनी कपाळावर हात मारला. तरी सही केली. "बुडालो तर दोघं बुडू," म्हणाले.

त्या भावाला अर्थातच काही मिळालं नाही. करारानं जी ठरलेली वीज होती, तेवढ्यावरच आता निभवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर मागणीची रेघ वर चढू लागली. घराघरात पंखे फिरले, दिवे लागले. पंप थांबले, कारखाना थांबला, तरी रेघ ठरलेल्या विजेच्या लाल खुणेकडे सरकतच होती. गिरणी अजून चालू! तिनं मामाला फोन लावला.

"चालू आहे? थांब, बघतोच त्याच्याकडे!"

मामा तसाच तरातरा गिरणीत शिरला. मालक म्हणाला, एवढं सूत कातून संपू दे. मामा म्हणाला, "शब्द दिलास ना? मग टाक तो खटका खाली!"

लाल खुणेला टेकता टेकता रेघ थबकली आणि चक्क खाली वाकली. कक्षात सगळे उठून उभे राहिले, कुणीतरी टेबलावर बुक्का मारला, साहेब लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले. शेजारची दोन शहरं काळोखात गेली होती. इथे एक दिवासुद्धा लुकलुकला नाही, आणि चढ्या भावाचा एक युनिटही घेतला नव्हता.

ती घरी पोचली तर आई दारातच उभी.

"अगं, मामा आलाय! किती दिवसांनी! आल्यापासून सांगतोय, आज अख्खं शहर त्यानं वाचवलं. काय एकेक थापा मारतो."

"थापा नाहीत गं आई," ती चपला काढत हसली. "खरंच वाचवलंय त्यानं."

"ऐकलंस?" आतून मामा गरजला. "आता तरी चहा टाक!"