माटोळी बांधताना लागलेला कोयता

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधताना आमच्या ह्यांच्या, म्हणजे रघुनाथांच्या, तळहाताला कोयता लागला. गणपतीवर फळं आणि रानवेलींचं ते छत रानातल्या केवणीच्या झाडाच्या सालीनेच बांधायचं, आणि ती साल आपल्याशिवाय कारापुरात कुणाला सोलता येत नाही, हा त्यांचा पक्का समज. कॅन्सरने तो बदलला नाही.

बारा दिवस झाले, जखम ओलीच. आज सहावं सलाईन. गाडीत त्यांनी हाताला रुमाल गुंडाळला.

"डॉक्टरणीला सांगू नको गो. डोस चुकला आणि गाठ वाढली तर?"

"बरं," मी म्हटलं. मला काही वाटलं नाही. आतड्यातली गाठ यकृतात पोचली असं कळल्यापासून मी फक्त फाइल धरते.

औषध सुरू करताना डॉक्टर श्रद्धाने समजावलं होतं. गाठ वाढायला रक्त हवं, म्हणून ती आपल्याकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. केमो गाठीला मारतं, सोबतचं हे दुसरं औषध त्या वाहिन्या उगवू देत नाही, तिला उपाशी ठेवतं.

"म्हणजे कुळागरातल्या माडांना जाणारा पाट बंद केला," हे म्हणाले होते. डॉक्टर हसली होती. मीही हसले असेन.

नर्स शीतलने डाव्या हाताला सुई लावली. उजवा खिशात.

"काका, खिशात चवथीच्या गोड नेवऱ्या लपवल्यात काय?"

हे हसले. तिने औषधाची पिशवी टांगायला हात वर केला.

"जखम आहे," मी म्हटलं. आवाज साखळीच्या बसस्टँडवरच्या घोषणेसारखा आला.

डॉक्टरने येऊन रुमाल सोडला. "काका, जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात. गाठ कुठली नि हात कुठला, हे औषधाला कळत नाही. केमो देऊ. हे दुसरं औषध मात्र जखम भरेपर्यंत बंद."

घरी येताना हे सगळा वेळ गाडीच्या खिडकीबाहेर बघत होते. जेवतानाही मीठ मागितलं ते भिंतीकडे बघून.

सकाळी मात्र हात पुढे केला. मी पट्टी सोडली. हातात उगवू दे, पोटात नको, असं मागायचं तर देवालाही आधी समजावून सांगावं लागेल.

"काय दिसता गो?"

"कडेला लाल येतंय. भरतेय."

मग मी चष्मा शोधायला उठले.