हेडमास्तरचा थेंब

मी दुर्बीण बोलतेय. चंद्र-तारे दाखवणारी नव्हे. पुस्तकात जिला सूक्ष्मदर्शक म्हणतात, ती. एका थेंबात काय चाललंय तेवढंच मला दाखवता येतं, आणि तेही बरोबर दाखवते की नाही, याची हल्ली मला धास्ती वाटते.

जन्म अंबाल्याचा. तरुणपण जबलपूरला, राइट टाउनमधल्या एका कॉलेजात गेलं. मुली कांद्याचा पापुद्रा माझ्याखाली ठेवायच्या आणि जाताना माझ्या डोळ्याला स्वतःचं काजळ लावून जायच्या. मग विजेवरच्या दुर्बिणी आल्या आणि मी कपाटात गेले. किती वर्षं, कोण जाणे. पालीनं माझ्या आरशामागे अंडी घातली होती, एवढं आठवतं.

तिथून मला भय्यासाहेबांनी आणलं. शहपुऱ्याजवळ त्यांचं मत्स्यबीज केंद्र आहे. तळी, सिमेंटच्या टाक्या आणि एक खोली. गेल्या साली अंडी भरपूर पडली, पण पिल्लं फारशी निघाली नाहीत. म्हणून यंदा नर तपासायचं ठरलं आणि त्यासाठी संपदा आली. मत्स्यशास्त्र शिकलेली, आणि कडेवर तान्ही प्रणोती.

भय्यासाहेब म्हणाले, टाकीजवळ शेवाळ आहे, बाळाला घेऊन तिकडे येऊ नको. नमुन्याची नळी मी आणून देत जाईन. खोलीत ओढणीची झोळी बांधली गेली. एका हातानं झोका, दुसऱ्या हातानं माझा स्क्रू.

काम असं. नराचं पोट हलकेच दाबलं की दुधासारखं वीर्य येतं. त्यातले शुक्राणू कोरडे असेपर्यंत निजलेले असतात. पाणी लागलं की जागे होतात, जीव तोडून पोहतात आणि मिनिटभरात कायमचे थांबतात. म्हणून थेंब कोरड्या काचेवर घ्यायचा, मग त्यात पाणी सोडायचं आणि लगेच बघायचं. किती पोहतात, त्यावर तो नर टाकीत राहणार की बाजारात जाणार, हे ठरतं.

पहिल्या रोहूच्या थेंबात काहीच हललं नाही. दुसऱ्याच्याही नाही.

"काहून? हलून नाही राहिले?" भय्यासाहेब दारातून म्हणाले.

संपदानं काच बदलली, पाणी बदललं, माझं भिंग मलमलीनं पुसलं. पोट कोरडं करून घेता ना, असं तिनं विचारलंही. टॉवेलनं पुसूनच घेतो, पाण्याचा थेंब लागू देत नाही, असं ते म्हणाले, आणि खोटं बोलणारा माणूस नाही तो. दोन्ही रोहू बाजारात गेले.

त्या आठवड्यात तिनं आधी माझ्यावर संशय घेतला, मग स्वतःच्या हातांवर. प्रणोतीचं वजन वाढत नव्हतं, तिथंही ती आपलाच दोष शोधत बसायची. तिला सांगावंसं वाटे, बाई, मीही तुझ्यासारखीच घाबरट आहे. पण समोर ठेवलं तेवढंच दिसेल, असाच डोळा आम्हाला दिलाय.

मग हेडमास्तरची पाळी आली. हा केंद्रातला सगळ्यात थोराड कतला मासा. डोकं एवढं मोठं, म्हणून ते नाव. भय्यासाहेबांनी तो बोटाएवढा होता तेव्हापासून वाढवलेला. त्याचा थेंबही निपचित.

"चलो, त्याचीही उमर झाली असेल. उद्या बाजारात जाऊ दे त्याला," भय्यासाहेब म्हणाले आणि चप्पल न घालताच बाहेर गेले. उद्या सकाळी पुन्हा एकदा बघू, एवढंच संपदा पाठीमागून म्हणाली.

सकाळी प्रणोती झोळीत राहीना. तिला कडेवर घेऊन संपदा दाराशी उभी राहिली. टाकी तिथून दिसते, आणि टेबल दाराशी असल्यानं मलाही ऐकू येतं. भय्यासाहेबांनी हेडमास्तरला ओल्या गोणपाटावर घेतलं, पोट टॉवेलनं नीट पुसलं. मग तांब्याच्या गडूतून त्याच्यावर पाणी शिंपडलं, 'नर्मदे हर' म्हणाले आणि दाबायला हात पुढे केला.

"काका, थांबा. ते पाणी..."

"हे पाणी थोडी आहे? नर्मदा मैया आहे. ग्वारीघाटहून आणतो, दर नरासाठी."

वडिलांच्या वयाच्या माणसाला हे कसं सांगायचं? मग संपदा हळूच म्हणाली, "काका, मैया लागली की ते जागे होतात. नळी माझ्यापर्यंत येईस्तोवर पोहून संपलेले असतात. मला दिसतं ते नंतरचं."

"म्हणजे माझाच आशीर्वाद..."

टॉवेल भिजला होता, म्हणून ती बाळाला घेऊनच टाकीपर्यंत गेली आणि प्रणोतीचं कोरडं दुपटं पुढे केलं.

थेंब माझ्याखाली आला. सगळे निजलेले. संपदानं ड्रॉपर उचलला, जरा थबकली आणि पाणी घेतलं ते गडूतलं. काचेवर थेंब पडला मात्र, माझ्या डोळ्यात एकदम झुंबड उडाली. एवढी, की मलाच गरगरलं.

"काका, लवकर बघा."

भय्यासाहेब प्रथमच माझ्यावर वाकले. त्यांचा श्वास माझ्या नळीवर धुकं धरत होता. थेंब निवांत होईपर्यंत ते हलले नाहीत. मग डोळा न काढताच म्हणाले, "अन् ते दोन रोहू?"

"माहीत नाही, काका. त्यांचं आपण वेळेत पाहिलंच नाही."

हेडमास्तर टाकीत आहे. गडू आता माझ्याशेजारी असतो. नळी आत आली की भय्यासाहेब आधी विचारतात, पोट कोरडं होतं ना? नळी त्यांनीच आणलेली असते, तरी विचारतात. संपदा हो म्हणते आणि तरीही काच दोनदा पुसते. प्रणोती झोळीतून माझ्या आरशाकडे हात करते.

माझं भिंग आता कडेनं धुरकट होत चाललंय. फार हंगाम उरले नसावेत. जो कोणी पुढे माझ्यावर वाकेल, त्याला एवढीच विनंती. माझ्या डोळ्यात काही हललं नाही, तर लगेच बाजाराची गाडी बोलावू नका. आधी टाकीपर्यंत जाऊन या. बाळ कडेवर असलं तरी.