तारांना येणाऱ्या मुंग्या

गहिनीनाथनं जन्मात गिटार हातात धरली नव्हती, पण कॉइल म्हटलं की त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. चौसाळ्यात हायवेला लागूनच त्याचं मोटारी भरायचं दुकान. पाण्यातली मोटार असो, गिरणीची असो की लग्नातला मोठा पंखा असो, जळून आलेल्या मालातली जुनी तार उपसायची आणि नवी भरून द्यायची, हे काम तो पंचवीस वर्षं करत होता. लोकांच्या घरातली वायरिंगही करायचा. आसपासच्या गावांत त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे ‘मोटारवाले नाना’ म्हणत, आणि पोरगीही नानाच म्हणायची.

ही पोरगी म्हणजे आरोही, तेवीस वर्षांची. गावातच कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायची. बीडला कॉलेजात असताना होस्टेलवरच्या एका मैत्रिणीकडून ती गिटार शिकली आणि तेव्हापासून तिला इलेक्ट्रिक गिटारीचं वेड लागलं होतं. विकतची घ्यायची नाही, घरीच जुळवायची, असं तिनं ठरवलं. परमेश्वर सुतारानं शिवणीच्या लाकडाच्या जाड फळीतून गिटारीचं अंग कापून दिलं. दांडी, खुंट्या, तारा कुरियरनं आल्या. मुक्ताबाई, तिची आई, म्हणाली, “घरात आता हे लाकूड ठेवायचं कुठं?” तेव्हा सगळं सामान दुकानात आलं. राहता राहिले पिकअप.

“पिकअप म्हंजे?” गहिनीनाथनं विचारलं.

“चुंबकावर गुंडाळलेली बारीक तार, नाना. वरची पोलादी तार हालली की तिच्यात करंट तयार होतो. तो अँप्लिफायरला द्यायचा.”

“म्हंजे डायनॅमोच की. आन् मी हितं उगंच घाबरलो.”

आरोहीनं एका कॉइलचे दोन तयार पिकअप मागवले होते. ते बसवून रविवारी वाजवून पाहिलं. आवाज स्वच्छ, टोकदार होता. मात्र वाजवायचं थांबलं की अँप्लिफायरमधून भुंगा बसल्यासारखी घरघर चालू. गहिनीनाथला ती घरघर सहन होईना. लाईनीचा आवाज तो झोपेतही ओळखला असता. त्यानं गिटार उलटी केली आणि तारा ज्या लोखंडी पट्टीत अडकतात तिला एक वायर सोल्डरचा डाग देऊन अँप्लिफायरकडं जाणाऱ्या पिनेच्या अर्थला जोडली. आता आरोहीचा हात तारांवर पडला की घरघर निम्म्याहून कमी व्हायची.

“लई भारी, नाना! कंपनीच्या गिटारीतबी हेच करतात.”

“कंपनीलाबी कुणीतरी मोटारवाल्यानंच शिकवलं आसंल,” तो म्हणाला, आणि दिवसभर खुशीत राहिला.

पण निम्म्यावर समाधान मानणारा तो माणूस नव्हता. जेवताना त्याच्या डोक्यात आलं की दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, चुंबक उलटसुलट आणि वेढेही उलटसुलट. लाईनीची घरघर एकीत इकडून आणि दुसरीत तिकडून येईल आणि आपसात कटेल. तारांचा आवाज मात्र दोन्हीकडून एकाच बाजूनं येईल आणि वाढेल. त्यानं हे सांगितलं तेव्हा आरोही घास हातात धरून बसली.

“नाना, हे बाजारात मिळतं. लोकांनी शोधून सत्तर वर्षं झाली.”

“आसू दे. मला तर आज सुचलं ना?”

संभाजीनगरहून त्यानं केसाहून बारीक तार मागवली. आठवडाभर मोटारी बाजूला पडल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, श्वास रोखून तो वेढे घालत होता, एका कॉइलला पाच हजार. दोनदा तार तुटली. तिसऱ्यांदा जमलं. पिकअप तयार झाला तेव्हा त्यानं तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि गिऱ्हाइकांना काढून दाखवला. कोणाला काही कळलं नाही, तरी सगळे “वा” म्हणाले.

बाप-लेकीत वाद मात्र मिटला नव्हता. आरोहीला एका कॉइलचा टोकदार आवाज आवडायचा. गहिनीनाथला शांतता हवी होती. गुरुवारी दुपारी क्लास सुटल्यावर दोन्ही एकापाठोपाठ एक लावून बघायचे आणि कोणता ठेवायचा ते ठरवायचं, असं ठरलं.

त्या गुरुवारी सकाळी उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर दुकानासमोरून गेला. वर निघालेल्या उसात खांबावरून दुकानात येणारी दोन तारांची वायर अडकली आणि मधोमध तुटली. असल्या कामाला गहिनीनाथनं कधी कुणाची वाट पाहिली नव्हती. खांबावरची जोडणी त्यानं काठीनं सोडवली, शिडी लावून तुटलेली टोकं जोडली, टेप गुंडाळला, आणि पुन्हा काठीनं जोडणी चढवली. खाली उतरला, बटण दाबलं, पंखा फिरला. दहा मिनिटांचं काम.

दुपारी आरोही आली. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून तिनं गिटार मांडीवर घेतली. पायात रबरी चप्पल होती. आधी एका कॉइलचा पिकअप होता. तिनं तारांवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

“नाना, तारांना मुंग्या येतायत.”

गहिनीनाथ खाली वाकून स्वतःच्या पिकअपची टोकं खरवडत होता. “नव्या तारा हायेत. धार आसती त्यास्नी.”

“धार नाही ओ. मुंग्या.”

“वाजव तू. घरघर आइकू दे मला.”

तिनं वाजवलं. घरघर आज जास्त होती. गहिनीनाथनं मनात म्हटलं, चला, आपला पिकअप जिंकणार. आरोहीला आवाज कमी करायचा होता. अँप्लिफायर पलीकडच्या टेबलावर होता. डाव्या हातानं गिटारीची दांडी तारांसकट धरून ती उठली, आणि तोल सावरायला उजवा हात शेजारी जमिनीतून वर आलेल्या बोअरच्या लोखंडी पाईपावर टेकला.

अँप्लिफायरमधून फाटल्यासारखा आवाज आला. गहिनीनाथनं वर पाहिलं. आरोही उभीच्या उभी ताठ झाली होती. डोळे उघडे, तोंड उघडं, आणि आवाज नाही. एका हातात गिटार, दुसऱ्या हातात पाईप. दोन्ही मुठी आवळलेल्या.

तो तिच्याकडे धावला, आणि हात लावायच्या आधी पंचवीस वर्षांची सवय आडवी आली. तो उलटा फिरला आणि मेन स्विचची दांडी दोन्ही हातांनी खाली ओढली. आरोही गिटारीसकट फरशीवर कोसळली.

छाती हलत नव्हती.

“आरू! ए माय! आरू!” इतकंच त्याच्या तोंडून निघत राहिलं. समोरच्या धान्याच्या दुकानातले उत्तरेश्वर, फौजेतून रिटायर झालेले, धावत आले. त्यांनी गहिनीनाथला खांद्याला धरून बाजूला सारलं, गुडघ्यांवर बसले आणि पोरीची छाती दाबायला लागले. मोठ्यानं आकडे मोजत दाबत होते. मधेच नाक धरून तोंडात श्वास भरत होते. गहिनीनाथ भिंतीला टेकून पाहत होता. त्याला वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं तरी दुकान आहे, आणि ही पोरगीही दुसऱ्या कुणाची तरी आहे. किती वेळ गेला ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. मग आरोही घोगरं खोकली आणि उत्तरेश्वर मागं बसले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

“गाडी बोलवा रे कुणीतरी!” ते दारातल्या गर्दीवर ओरडले.

बीडच्या दवाखान्यात रात्रभर तिच्या ईसीजीच्या पट्ट्या काढत राहिले. सकाळी डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं. डाव्या हाताच्या बोटांवर सहा तारांच्या सहा काळ्या रेघा उमटल्या होत्या. मुक्ताबाईनं त्या एकदाच पाहिल्या आणि नवऱ्याला म्हणाली, “ती गिटार घरात दिसली न्हाई पायजे. जाळून टाका.”

कपडे आणायला गहिनीनाथ चौसाळ्याला आला. दुकानापुढं चार माणसं उभीच होती. गिटारीनं पोरगी मारली असती, असलं खूळ घरात कशाला आणावं, असं जो तो बोलत होता. गहिनीनाथ मान हलवत आत गेला. गिटार तशीच फरशीवर पडली होती. जाळायच्या आधी तिचा गुन्हा त्याला शोधायचा होता.

त्यानं ती उघडली. मीटर लावून एक एक टाका तपासला. सगळं बरोबर होतं. पिकअपमध्ये तर मारण्याएवढा करंट असूच शकत नव्हता, हे त्याला कालही ठाऊक होतं. अँप्लिफायर उघडला. तोही चोख. मग त्यानं मेन चालू केला, खिशातून टेस्टर काढला आणि बोर्डावरच्या थ्री-पिनच्या वरच्या, अर्थिंगच्या भोकात घातला.

टेस्टरचा दिवा लागला.

त्यानं टेस्टर बाहेर काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा घातला. दिवा पुन्हा लागला. जिथं कधीच करंट नसतो, नसायला हवा, तिथं पूर्ण फेज होती, जिवंत करंट.

ज्या स्टुलावर पोरगी बसली होती त्यावर तो बसला. मग मेन बंद करून त्यानं बोर्ड उघडला, पण आत काय दिसणार ते त्याला माहीत होतं. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, आणि अर्थिंग यांच्यामध्ये बोटभर लांबीची काळी वायर. वीस वर्षांपूर्वी स्वतःचं दुकान उघडलं तेव्हा अर्थिंगचा खड्डा खणायला वेळ नव्हता. तात्पुरतं म्हणून त्यानंच ती टाकली होती. खांबावरून येणारी न्यूट्रल जागेवर होती तोवर त्या वायरीनं कुणाचं काही बिघडवलं नाही. गुरुवारी शिडीवर चढून त्यानं टोकं उलटी जोडली. फेज न्यूट्रलच्या जागी आली, बोटभर वायरीतून अर्थिंगला गेली, तिथून अँप्लिफायरला, आणि तिथून त्यानंच डाग दिलेल्या वायरीनं सहा तारांत उतरली.

बाहेर कुणीतरी म्हणत होतं, “चायना माल आसंल, दुसरं काय.”

गप्प राहणं सोपं होतं. कुणालाही कळलं नसतं. ती वायर उपटून खिशात घालून तो बीडला परतला, दवाखान्यात आरोहीच्या खाटेशी बसला आणि वायर तिच्यापुढं चादरीवर ठेवली. सगळं सांगितलं. कुठंही अडखळला नाही, फक्त तिच्याकडं बघता आलं नाही.

आरोहीनं उजव्या हातानं ती वायर उचलून पाहिली.

“मी म्हटलं होतं तुम्हाला. मुंग्या येतायत म्हणून.”

“म्हणलीस.”

“दोनदा म्हटलं, नाना.”

“व्हय. दोनदा.”

तिनं तोंड भिंतीकडं केलं. तो तिथंच बसून राहिला. बऱ्याच वेळानं तिनं पाणी मागितलं, आणि त्यानं एका हातानं तिची मान उचलून ग्लास तिच्या ओठांशी धरला.

घरी आल्यावर त्यानं आधी मुक्ताबाईला सगळं सांगितलं. ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग त्यानं खांबाच्या वायरीची उलटी टोकं सरळ जोडली, दुकानामागं कमरेएवढा खड्डा खणला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ घालून अर्थिंग केलं आणि झटका बसताच लाईन पाडणारं स्विच बसवलं. तेवढ्यानं त्याची झोप परत आली नाही. त्यानं ज्यांच्या घरची वायरिंग केली होती त्या घरी तो एकेक करून जायला लागला. दारात उभा राहून सांगायचा, “तुमच्या बोर्डात मी एक वायर चुकीची टाकली आसंल. बघू द्या.” काहींनी चहा पाजला. एकानं त्याला अंगणातूनच हाकललं, म्हणाला, “आमच्या लेकरांच्या जिवाशी खेळत होता व्हय वीस वर्षं?” दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच दारात गेला. अकरा घरांत तशी वायर सापडली. एका घरात तर न्हाणीतल्या गिझरला. ती उपटताना त्याच्या कपाळावर एवढा घाम आला की घरातल्या बाईनं टॉवेल आणून दिला.

महिन्यानं आरोहीच्या बोटांवर नवी कातडी आली. एका सकाळी ती दुकानात येऊन म्हणाली, “नाना, पिकअप ठरवायचा राहिलाय.”

डबा द्यायला आलेल्या मुक्ताबाईनं ऐकलं आणि ती तशीच माघारी वळली. पण जाळा म्हणाली नाही.

गहिनीनाथ म्हणाला, “तुला आवडतो तो एका कॉइलचा घे. आता बोर्डात खोट न्हाई. मी रोज टेस्टर लावून बघतो.”

“तुमचा बोर्ड बरोबर आहे. पण मी काय फक्त तुमच्या दुकानात वाजवणार आहे? लग्नात वाजवीन, गणपतीत वाजवीन, केजला, धारूरला जाईन. तिथल्या बोर्डात कुणी काय करून ठेवलंय, मला कसं कळणार?”

ती हे रागानं म्हणाली नव्हती. हिशोब मांडावा तसं म्हणाली होती. म्हणून गहिनीनाथला ते जास्त लागलं. त्याच्यासारखे किती मोटारवाले नाना किती गावांत असतील, आणि प्रत्येकानं घाईच्या दिवशी बोटभर वायर कुठं कुठं टाकली असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

“मंग?”

“तुमच्या दोन कॉइलच्या पिकअपलाही तारांना अर्थ द्यावाच लागतो. बॅटरीवर चालणारे पिकअप येतात. त्यात घरघर नसते, म्हणून तारांना अर्थची वायर लागतच नाही. तारा सुट्या. बाकीची काळजी मी घेईन, आधी टेस्टर लावल्याशिवाय पिन घालणार नाही. पण तारांत काही येणार नाही, एवढं तरी राहील.” मग तिचा आवाज उतरला. “तुमची कॉइल चांगली होती, नाना.”

“चांगली होती,” तो म्हणाला. आणि त्यानंच गिटार उलटी घेऊन, डाग द्यायची सळई तापवून, पट्टीला दिलेला डाग काढला. वायर सुटली तेव्हा त्यानं ती दोनदा ओढून बघितली, खरंच सुटली ना म्हणून.

नवे पिकअप आले. आरोहीनं स्वतः बसवले. बोर्डाला टेस्टर लावला, वडिलांनाही लावायला लावला, आणि पिन घातली. अँप्लिफायर चालू झाला. काहीच आवाज नाही. गहिनीनाथला वाटलं, बंदच आहे. तो पुढं वाकला तेवढ्यात आरोहीनं तार छेडली, आणि तो इतका दचकला की मागच्या मोटारीवर आपटला.

“काही नाही, नाना. आवाजच आहे.”

“व्हय. कळलं.”

तिची बोटं अजून अवघडत होती. दोन सूर चुकले, थांबली, पुन्हा घेतले. मग हळूहळू चाल लागत गेली. समोरून उत्तरेश्वर दुकान सोडून रस्ता ओलांडून आले आणि उंबऱ्याशी थांबले. त्यांच्या मागं मुक्ताबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

“नाना, बसा ना,” आरोही वाजवता वाजवता म्हणाली.

“तू वाजव,” मेन स्विचजवळ सरकत गहिनीनाथ म्हणाला. “मी हाय हितं उभा.”