लाल माशाचे दोन वाडगे

आत्याने पिशवीतून दोन वाडगे काढून टेबलावर ठेवले आणि खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "यातला खरा कुठला रे, भिंगोजी?"

लिलावघरात चिनी मातीची जुनी भांडी पारखण्यात भाच्याचं आयुष्य गेलं होतं. घरात मात्र त्याची ओळख भिंगोजी एवढीच. समोर भांडं असलं की तो खुलायचा, माणूस असलं की चाचरायचा. आज दोन्ही समोर होती.

वाडगे दिसायला जुळे. आत तळाशी एक लाल मासा आणि बुडाला निळ्या रंगात सहा अक्षरं, कुठल्याशा जुन्या चिनी बादशहाचं नाव. ही जोडी आत्याच्या वडिलांची, नानांची. एक काचेच्या कपाटात असायचा, दुसऱ्यात नाना रोज सकाळी दूध-पाव खायचे. मुलींची लग्नं झाल्यावर त्यांनी दोघींना एकेक वाडगा कागदात गुंडाळून दिला. कुठला कुणाला, ते बोलले नाहीत. पुढे धाकटीचा नवरा गमतीत म्हणाला, असली माल आमच्याकडे आलाय. हसून सगळे विसरले, आत्या सोडून. धाकटी नानांची लाडकी, हा संशय तिला लहानपणापासून होताच. आता धाकटीचा वाडगा मागून आणून ती एकदाचा निकाल लावायला आली होती, आणि कुठला कुणाचा ते तिनेही सांगितलं नाही.

भाच्याने वाडगे पालथे केले. नुसत्या नावावर जायचं नाही, हे त्याला मुरलेलं होतं. जुन्या बादशहाचं नाव नंतरचे कारागीरही घालत, कधी फसवायला, कधी निव्वळ आदरापोटी. एकावरची अक्षरं वाहत्या हाताने लिहिलेली होती, निळा रंग जागोजागी गडद होऊन साकळलेला. दुसऱ्यावरची अक्षरं दुसऱ्याची सही गिरवावी तशी जपून काढलेली, रंग सपाट, बुडाचं कडं जाड. आपलंच चुकत असेल या आशेने त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. मग "तसं म्हटलं तर, एका अर्थी..." असं सुरू केलं.

"गुळमुळीत बोलू नकोस," आत्या म्हणाली.

"हा जुना. तो शंभरेक वर्षांचा असेल. नक्कल आहे."

आत्याने 'तो' शांतपणे आपल्याकडे ओढला. "म्हणजे नानांनीही पारखूनच दिला."

भाच्याने तिच्या हातातला वाडगा परत घेतला आणि उरलेलं काम करू लागला. वापराच्या खुणा अजून पाहायच्या होत्या. जुन्या वाडग्यातला मासा कोरा करकरीत होता. नकलेतल्या माशाची शेपटी पुसट झाली होती. लाल रंग झिलईच्या वर असतो, तो घासला की जातो. आजूबाजूला बारीक ओरखडे होते.

"तू यात काय खातेस?"

"मी? कपाटाबाहेर काढला नाही कधी."

"मग कुणीतरी वर्षानुवर्षं यात चमचा फिरवलाय. माशाचं तोंड आपल्याकडे ठेवून बसलं, तर सगळे ओरखडे डाव्या अंगाला येतात." तो अडखळला. "चमचा डाव्या हातात असावा. म्हणजे, असं मला वाटतं."

नाना गेले तेव्हा भाचा रांगत होता. त्याला काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

आत्याने वाडगा फिरवून माशाचं तोंड आपल्याकडे केलं. "मासा आपल्याकडे बघत नसेल तर नाना घास घ्यायचे नाहीत," ती म्हणाली. "आणि डावखुरे म्हणून आई रोज टोमणे मारायची."

ओरखड्यांवर माणसाचं नाव लिहिलेलं नसतं, हे सांगणं आपलं काम आहे, असं भाच्याच्या मनात आलं. पण तो भिंग पुसत राहिला.

आत्याने धाकटीचा वाडगा नीट गुंडाळून पिशवीत घातला. आपला तसाच हातात धरला.

"धाकटीला फोन करून सांग, तिचाच खरा," दारातून ती म्हणाली. "खूश होईल बिचारी."