हवेशीर पेटी

त्या वस्तीतली निम्मी लेकरं या सुताराच्या पाळण्यात निजून मोठी झालेली. पण त्याच्या स्वतःच्या बायकोला सातवा महिना लागला, तरी घरामागच्या कामाच्या खोलीत पाळण्याची एक पट्टीही कापलेली दिसेना.

"अहो, कधी घेताय करायला?" बायको विचारायची.

"प्रभूवर सोपवलंय ना आपण? मग घाई कसली?"

"सोपवलंय हो. पण रंधाही त्यानेच मारावा असं आहे का तुमच्या मनात? नाही म्हणजे, तोही सुताराच्याच घरी वाढला, त्याला हे काम येतं, ते ठाऊक आहे मला."

यावर सुतार हसायचा आणि कुणाच्या तरी दाराची बिजागरी दुरुस्त करायला निघून जायचा.

या टाळाटाळीचं कारण तिलाही माहीत होतं. याआधी दोनदा आस लागली होती आणि दोन्ही वेळा हॉस्पिटलमधून दोघं रिकाम्या हातांनी परतली होती. पहिल्या वेळी त्याने हौसेने पाळणा केला होता. ती घरी आली तेव्हा तो पाळणा जागेवर नव्हता. "देऊन टाकला," एवढंच तो म्हणाला. कुणाला, ते तिने विचारलं नाही. आता डॉक्टरीणबाई दर खेपेला तपासून म्हणायच्या, "सध्या तरी सगळं ठीक आहे. बघू या." ते 'बघू या' त्यांच्या मागोमाग घरी यायचं आणि बिनभाड्याच्या भाडेकरूसारखं ठाण मांडून बसायचं.

रविवारी मात्र सुतार चर्चच्या उपासनेत उभा राहून प्रार्थना करायचा ती काय वर्णावी! उद्याचा दिवस, परवाचा दिवस, सगळं खणखणीत आवाजात प्रभूच्या हाती देऊन मोकळा. पाळकसाहेबांच्या बायकोचे डोळे भरून यायचे. घरी परतताना सासूबाई सुनेच्या कानाशी लागायच्या, "प्रार्थनेत सिंह गं माझा लेक. कामाच्या खोलीत शिरला की ससा होतो."

एके दिवशी दुपारी ती चहाचा कप घेऊन मागे गेली, तर सुताराने घाईघाईने कशावर तरी गोणपाट टाकलं.

"काय आहे ते?"

"कुठे काय? अवजारांची पेटी आहे. जुनी मोडली ना."

तिने कप फळीवर ठेवला आणि गोणपाट बाजूला सारलं. पेटी होती खरी. झाकण नव्हतं. कडा अशा गुळगुळीत घासल्या होत्या की गाल टेकला तरी कळू नये. तळाला पट्ट्या होत्या, आणि दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट.

"या फटी कशाला?"

"वारा खेळायला. अवजारं गंजतात ना."

"आणि कडा गोल केल्यात त्या पटाशीला टोचू नयेत म्हणून?"

"हं."

"नाजूक आहे हो तुमची पटाशी!" मग तिने घराकडे तोंड करून हाक मारली, "आई, या जरा इकडे. तुमच्या मुलाने हातोड्यासाठी अंथरूण केलंय."

सासूबाई लगबगीने आल्या. चष्मा नाकावर चढवून त्यांनी पेटी निरखली. "वा! हातोडा कुठल्या कुशीवर निजतो रे? रात्री उठतो का?"

सुताराचे कान लालबुंद झाले. सासूसून पोट धरून हसत होत्या. हसता हसताच सुनेची नजर भिंतीशी गेली. तिथे दोन वाकड्या पट्ट्या उभ्या होत्या, पाळणा डोलावा म्हणून खाली लावायच्या. तिने वाकून पेटीचे सांधे पाहिले आणि तिचं हसू ओसरलं. प्रत्येक सांध्याला स्क्रू होता. लाकूड चिकटवायच्या सरसाचा थेंबही कुठे नव्हता.

लग्न झाल्यापासून ती ऐकत आली होती की जे कधीतरी सुटं करायचं त्याला स्क्रू, जे राहायचं त्याला सरस. कुणी पाळण्याला स्क्रू मारलेला दिसला तर हा माणूस रस्त्यात थांबून चडफडायचा.

"डोलणाऱ्या वस्तूला तुम्ही स्क्रू मारलेत?" तिने हळूच विचारलं.

तो रंध्याच्या पात्याकडे बघत राहिला. "त्या वेळचा पाळणा सुटा करता आला नाही मला," तो म्हणाला. "सरस सोडेचना. तू यायच्या आत काढायचा होता. शेवटी तोडला."

सासूबाईंनी फळीवरचा कप उचलला. "गार झालाय, तापवून आणते," म्हणाल्या आणि गेल्या. कपातून वाफ निघत होती.

"म्हणजे देवाला म्हणायचं, तुझ्यावर भरवसा आहे," बायको म्हणाली, "आणि स्क्रू काढायचा पेचकस खिशात ठेवायचा."

"ठेवतो. काय करू? पण तुझा पेचकस कुठे आहे, ते मी विचारलंय कधी?"

"माझा?"

"त्या वेळी दिवसभर पोटाशी बोलायचीस. भाजी चिरताना एकेक भाजी ओळखवून द्यायचीस. या खेपेला मी एक शब्द ऐकला नाही."

बाळ केव्हापासून आतून लाथा मारत होतं, आणि नको असलेला पाहुणा आल्यावर घरात कुणी नसल्यासारखं गप्प बसावं, तशी ती बसून राहिली होती. नको असलेला? छे! जगात कुणाची इतकी वाट पाहिली नव्हती तिने.

तिने पदराने नाक पुसलं. "सरस कुठाय?"

"अगं, पण समजा..."

"समजा तसंच झालं, तर तोडायच्या वेळी मला हाक मारा. एकट्याने नाही तोडायचं."

"देवाने वचन दिलंय का, यंदा सगळं नीट होईल म्हणून?"

"तसं नाही दिलेलं. सोबत राहीन म्हणालाय. तेवढ्यावर सरस लावता येतो का, ते तुम्ही सांगा. सुतार तुम्ही आहात."

मग खिशातून पेचकस काढून त्याने पहिला स्क्रू उलटा फिरवला. एकेक करत सगळे निघाले. त्याने सांध्यांना सरस लावला. थोडा त्याच्या कपाळालाही लागला. सांधे दाबून धरायचे शिकंजे दोनच रिकामे होते आणि कोपरे चार. मग एक कोपरा त्याने दाबून धरला, समोरचा तिने.

"प्रभू, धरून ठेव," तो पुटपुटला.

"एवढीच?"

"लांबलचक रविवारी करतो."

ती मान खाली घालून पोटाकडे पाहू लागली. "ऐकतंयस का? हे समोर उभे आहेत ते तुझे बाबा. कपाळाला सरस फासलाय, पण माणूस बरा आहे. ही करवत. हिला हात लावायचा नाही. तो रंधा. आणि मी..." आतून एक सणसणीत लाथ बसली.

सासूबाई चहा घेऊन दारात आल्या, तेव्हा लेक आणि सून पेटीच्या दोन कोपऱ्यांना चिकटल्यासारखी उभी होती. दोघांचे डोळे ओले, आणि पुसायला हात मोकळा नाही.

"सोडू नका रे," त्या म्हणाल्या, "वाळेपर्यंत धरा." मग त्यांनी कप आधी सुनेच्या ओठांना लावला, नंतर लेकाच्या. "नातवंडं येतील तेव्हा येतील. तोवर ही दोन पाजते."