हाक ओळखणारी मिशी

“हलू नको गं बाई. आज सगळं तुझ्यावर आहे.” ताईंचा तो आवाज मला अजून आठवतो.

मित्रांनो, मी एक जुनी मिशी आहे. माणसाची नव्हे हं, नर पतंगाची! दिसायला धाग्याएवढी, पण भिंगाखाली पाहाल, तर देवाने माझ्या अंगावर दिलेले हजारो बारीक केस दिसतील. प्रत्येक केसाला इवलाली छिद्रं. त्यांतून वास आत शिरतो. तेच आमचं नाक. मादीचा वास म्हणजे तिची हाकच; तो कणभर जरी आला, तरी मी शहारते.

कोशात मी घडले. त्याआधी आमचा पतंग अळी होता आणि खरबुजं पोखरत होता. ते काही चांगलं काम नव्हतं.

कीटकांवर संशोधन करणाऱ्या ताईंनी मला अलगद कापून दोन काचेच्या नळ्यांमध्ये बसवलं. पतंगापासून सुटलेली मिशी घटकाभर जगते. तेवढ्यात समोर मांडलेल्या कुप्यांपैकी मादीचा खरा वास कोणत्या कुपीत आहे, ते मला सांगायचं होतं. मी ओळखला, की नळ्यांना जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावरची रेषा उडी मारणार!

इतक्यात ताईंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. “अळीने खरबुजाचा मळा खाल्ला गं. उद्या औषध मारते.”

“आक्का, अगं तुझ्या मधमाश्या मरतील!”

“मला का कळत नाही? पोरींसारख्या सांभाळल्यात. पण करू काय?”

“संध्याकाळी मादी पतंगाचा वास भरून आणते. त्याला भुलणाऱ्या नरांसाठी सापळे लावू. शब्द देते.”

ताई एकेक कुपी माझ्यावर फुंकू लागल्या. पण माझ्या केसांत भलताच झणझणीत दर्प भरला होता. मला काही सुधरेना! रेषा नुसती थरथरत राहिली. मी सुकत चालले होते आणि ताईंचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात त्यांची मैत्रीण बाहेरून आली आणि दारातच शिंकली. “अगं ए, बामात आंघोळ केलीस की काय?”

“वाकून वाकून कंबर धरली गं माझी.”

“तुझी कंबर धरली आणि त्या बिचारीचं नाक!”

ताईंनी कपाळावर हात मारला. सकाळपासून त्याच वासात बसून त्यांना तो जाणवेनासा झाला होता. धडाधड खिडक्या उघडल्या. ताई हात धुऊन, कपडे बदलून आल्या. मोकळी हवा आली आणि माझे केस जागे झाले. पहिली कुपी, काही नाही. दुसरी, नाही. तिसरी... अहाहा! माझा केसन् केस गाऊ लागला. रेषेने अशी उडी घेतली, की दोघी मैत्रिणी लहान मुलींसारख्या नाचल्या!

त्या हाकेमागे माझी नवरी नव्हती, तो वास ताईंनी बनवलेला होता, हे मला मागाहून कळलं. माझेच भाऊ त्या हाकेला भुलून सापळ्यात जातील, याचं वाईटही वाटतं. पण मित्रांनो, विषाला आपला-परका कळत नाही. ते मधमाशीलाही सोडत नाही. म्हणून एवढंच मागते, विषाची बाटली उघडण्याआधी थोडं थांबा, दुसरी वाट शोधा.

ताईंनी मला काचपट्टीवर जपून ठेवलं. मग तिसऱ्या कुपीतला वास रबराच्या बुचांत भरला, बुचं डबीत घातली आणि सापळ्यांची पिशवी खांद्याला लावून त्या आक्कांच्या मळ्याच्या वाटेला लागल्या.