साध्या पाण्यातले शंभर दाणे

घोडेगावच्या भागूबाई बाजरीचं बी चुलीच्या राखेत घोळून मडक्यात ठेवतात. ते भिजवलं की पाणी राखाडी होतं. प्रयोगशाळेतला माझा सोबती कानिफनाथ याला हे ठाऊक नव्हतं. बी आणायला नेहमी मीच जात असे.

प्रयोग सरळ होता. त्याच बियातले शंभर दाणे उगवण वाढवणाऱ्या संजीवकाच्या द्रावणात भिजवायचे, शंभर साध्या पाण्यात, आणि पंचेचाळीस अंशांच्या उष्णतेत कोणते अधिक उगवतात ते पाहायचं. द्रावणातले एक्क्याऐंशी उगवले. साध्या पाण्यातले चाळीस. कानिफनं आकडे वाचून दाखवले तेव्हा त्याच्या बोटांवरच्या शाईचाही मला अभिमान वाटला होता. दोन वर्षं आम्ही एकाच डब्यातली भाकरी मोडत होतो.

एका दुपारी अहवालासाठी छायाचित्रं लावताना थबकले. द्रावणाच्या भांड्यात राख तरंगत होती. शेजारचं साधं पाणी मात्र नितळ होतं. तळावरचा क्रमांक वाचता येईल इतकं.

"ह्यातलं बी कुठलं?" नितळ पाण्यावर बोट ठेवून मी कानिफला विचारलं.

"कपाटातलं. तीन वर्षांपूर्वीचं." त्यानं नजर चुकवली नाही, हेच अधिक लागलं. "फरक दिसायला हवा होता, मोनिका. आपल्या दोघांसाठीच केलं."

आमच्याकडे भागूबाईंचे शेवटचे शंभर दाणे उरले होते. ते मी साध्या पाण्यात भिजवले, ओल्या कागदात गुंडाळले, त्याच उष्णतेत ठेवले. सातव्या दिवशी अठ्ठ्याहत्तर कोंब आले. बी खरं होतं. खोटे आम्ही होतो.

ती गुंडाळी घेऊन मी घोडेगाव गाठलं.

"मावशी, तुमचं बी औषधाशिवायही उगवतं."

भाकरी थापणारे त्यांचे हात थांबले नाहीत.

"व्हय का? तुझा तो साहेब पंधरा दिसांमागं फोनवर म्हनला, बियात दम न्हाई, औषधाबिगर उगवायचं न्हाई. सासूच्या हातचं बी हुतं. पन म्हनलं, शिकलेली मानसं हायेत. धुतलं, वाळवलं, दिलं दळून."

"सगळं?"

"मग काय मडक्याची पूजा करू? बस, खा. लई गोड लागतीय."

मला घास उचलवेना. मी गुंडाळी उलगडली. ओल्या कागदावर पांढरे, वाकडे कोंब एकमेकांत गुंतून पडले होते. भागूबाई पिठाच्या हातांनीच वाकल्या.

"एवढंच उरलं म्हन की."

"अठ्ठ्याहत्तर आहेत."

"कोनी मोजलं?"

"मी."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"मग माझ्याम्होरं मोज."